लकवा, फिट किंवा डोक्याला मार: नंतर गाडी पुन्हा चालवायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातून घरी सोडताना हातात जो कागद मिळतो, त्यावर गोळ्या, पथ्य, व्यायाम आणि पुढच्या भेटीची तारीख असते. गाडीबद्दल सहसा काहीच नसतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी तो प्रश्न घरातच निघतो आणि कुणीतरी अंदाजाने उत्तर देऊन टाकतं. मेंदूच्या आजारातून सावरणाऱ्या रुग्णांबरोबर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवून देणारी तज्ज्ञ) म्हणून काम करताना जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्याबाबतचा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टनी तपासूनच द्यायचा आहे. त्यांना नेमकं काय विचारायचं, हे या पानावरून कळावं.

लकवा (मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक) येऊन गेल्यावर किती दिवसांनी गाडी चालवता येते?

भारतीय कायद्यात दिवस ठरवून दिलेले नाहीत. ब्रिटनमध्ये खासगी गाडीसाठी किमान एक महिना आणि ट्रक-बससाठी एक वर्ष थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात खासगी गाडीसाठी किमान चार आठवडे आणि व्यावसायिक वाहनासाठी तीन महिने. एवढं थांबवतात, कारण पुन्हा झटका येण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

आपल्याकडेही महिनाभर गाडीला हात लावू नये, असंच मी सांगते. पण महिना उलटला म्हणजे परवानगी मिळाली, असं मात्र नाही. महिना झाल्यावर तपासणीला सुरुवात करायची. कुणी सहा आठवड्यांत तयार होतं, कुणाला वर्ष लागतं, आणि काही जणांना गाडी कायमची सोडावी लागते.

मिनी स्ट्रोक होता. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं. तरीही थांबायचं?

हो. लक्षणं गेली, तरी ज्या कारणाने आली ते कारण अजून शरीरात आहे. ब्रिटनमध्ये यासाठीही एक महिना आहे, ऑस्ट्रेलियात खासगी गाडीला दोन आठवडे. मानेच्या रक्तवाहिन्यांची आणि हृदयाची तपासणी होऊन औषधं सुरू होईपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवू द्या.

हात-पाय आता छान चालतात. जिना चढतो, बाजारात जातो. मग अडचण कुठे आहे?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरच्यांचं लक्ष हात आणि पायाकडे असतं, कारण ते दिसतात. गाडी चालवताना धोका बहुतेकदा न दिसणाऱ्या गोष्टींतून येतो.

पहिली गोष्ट नजरेची. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली, तर दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाते. डोळे निरोगी असतात, चष्म्याचा नंबर बदलत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. रिकामी बाजू मेंदू स्वतःच भरून काढतो, त्यामुळे माणसाला काळा पडदा वगैरे काही दिसत नाही. आपल्याला अर्धं दिसत नाही, हेच कळत नाही. कोणत्याही चष्म्याने ही नजर परत येत नाही.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला, तर काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. दिसत असतं, पण ती बाजू जगात आहे याची नोंद होत नाही. आपल्या घरात हे ताटावरून ओळखता येतं: उजवीकडची भाजी संपलेली असते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहिलेली असते. दाढी करताना डावा गाल सुटतो, चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला घासतो. आता हाच माणूस आपल्या रस्त्यावर आणा. आपण डाव्या बाजूने चालवतो. पादचारी, सायकलवाले, थांब्यावरून रस्त्यात उतरणारी माणसं, डावीकडून घुसणाऱ्या स्कूटर, सगळं त्याच बाजूला.

तिसरी गोष्ट वेगाची, म्हणजे विचारांच्या वेगाची. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या पुढे जाते. पाय ब्रेकवर जायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला, तर तेवढ्यात आठ मीटर गेलेले असतात. घरात बोलताना, चहा करताना हा अर्धा सेकंद कुणाच्याच लक्षात येत नाही.

आणि चौथी गोष्ट, एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची. सिग्नल, आरसा, मागून येणारा हॉर्न, शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं. बऱ्याच रुग्णांना एकेक काम उत्तम जमतं आणि तीन एकत्र आली की घोटाळा होतो.

लायसन्सची मुदत अजून शिल्लक आहे. मग चालवायला हरकत काय?

मुदत आणि तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० वर्षांच्या आतल्या माणसाला वयाच्या ४० पर्यंत लायसन्स मिळतं, ३० ते ५० मध्ये दहा वर्षांचं, ५० ते ५५ मध्ये वयाच्या ६० पर्यंतचं आणि ५५ नंतर पाच-पाच वर्षांचं. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलेल्या माणसाला पन्नाशीत लकवा आला, तर पुढची सात-आठ वर्षं त्याच्याकडे कुणी प्रमाणपत्र मागणार नाही. कार्ड खिशात वैध आहे. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८६ सांगतं की, आपल्या आजारामुळे इतरांना धोका होऊ शकतो हे माहीत असूनही गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा केल्यास २,०००.

रक्कम फार नाही. पण 'माहीत असूनही' हा भाग नीट वाचा. डॉक्टरांनी फाइलवर 'गाडी चालवू नये' असं लिहिलं असेल आणि त्यानंतर अपघात झाला, तर तो कागद कोर्टात तुमच्या विरोधात उभा राहतो.

आरटीओ स्वतःहून लायसन्स रद्द करू शकतं का?

करू शकतं. आजारामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही, असं मानायला वाजवी कारण असेल, तर कलम १६ प्रमाणे लायसन्स रद्द करता येतं किंवा नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येतं. तसं केल्यास कारणं लेखी द्यावी लागतात आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

डॉक्टरांनी फॉर्म १-ए वर, म्हणजे लायसन्ससाठीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर, सही केली आहे. तेवढं पुरेसं नाही का?

कायद्याच्या दृष्टीने कागद पूर्ण झाला. पण तो फॉर्म एकदा शांतपणे वाचून पाहा. चाळिशीनंतर, आणि व्यावसायिक वाहनासाठी कोणत्याही वयात, तो लागतो. त्यात काय तपासलं जातं? लांबची नजर, २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा, ऐकू येणं, हात-पाय आणि सांधे. प्रतिक्रियेला लागणारा वेळ, बाजूची नजर आणि डोळ्यांवर झोत पडल्यावर पुन्हा दिसायला लागणारा वेळ, या तीन गोष्टीही फॉर्ममध्ये आहेत, पण फक्त घातक माल वाहून नेणाऱ्या चालकांसाठी. लकवा होऊन गेलेल्या माणसाची बाजूची नजर तपासावी, असं तो फॉर्म सांगत नाही. अर्धी नजर गेलेला रुग्ण २५ मीटरवरची नंबर प्लेट सहज वाचतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या आजारांनंतर फॉर्म १-ए हा तपासणीचा पुरावा मानू नका. ओळखीच्या डॉक्टरांकडून पाच मिनिटांत सही आणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

फॉर्म १ तर तुम्ही स्वतः भरता. त्यातला पहिला प्रश्नच अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार), अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर याबद्दल आहे. तिथे खोटं लिहू नका.

मग खरी तपासणी कशी असते?

तीन टप्प्यांत. आधी न्यूरोलॉजिस्ट: आजार स्थिर आहे का, पुन्हा झटका किंवा फिट येण्याचा धोका किती, औषधं कोणती. त्याच वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेच्या क्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्यायची. काचबिंदूच्या रुग्णांची करतात तीच. कुणी सांगितली नाही, तरी तुम्ही मागा.

दुसरा टप्पा आमचा. ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की लोकांना हाताचे व्यायाम आठवतात, पण रोजची कामं पुन्हा जमवून देणं हाच आमचा विषय आहे आणि गाडी त्यातच येते. (या शिक्षणाची भारतातली सुरुवात मुंबईची: १९५० मध्ये केईएम रुग्णालयात कमलाताई निंबकर यांनी पहिलं विद्यालय सुरू केलं.) इथे लक्ष, स्मरण, अंतराचा अंदाज आणि निर्णयाचा वेग पाहतात. विखुरलेले आकडे आणि अक्षरं १-क-२-ख अशी आलटूनपालटून जोडायची, कागदभर पसरलेल्या चिन्हांतून एकच चिन्ह शोधून खोडायचं, रस्त्यावरची चिन्हं प्रसंगाशी जुळवायची, अशा चाचण्या असतात. कागदावर पोरखेळ वाटतो. पण डाव्या बाजूची सगळी चिन्हं सुटलेला कागद समोर ठेवला, की घरच्यांना एका क्षणात सगळं कळतं.

कागदी चाचण्यांवरून शेवटचा निर्णय मात्र होऊ नये. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस कागदावर अडखळतो आणि रस्त्यावर नीट चालवतो, असं घडतं. उलटही घडतं.

म्हणून तिसरा टप्पा रस्त्यावरचा, आणि तोच सगळ्यात भरवशाचा. दोन्हीकडे ब्रेक असलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शेजारी प्रशिक्षक, मागे थेरपिस्ट. आधी मोकळं मैदान, मग शांत रस्ता, मग गर्दी. शेवटी अनोळखी रस्ता, कारण घरापासून मंडईपर्यंत गाडी सवयीने जाते. पाऊण तास तरी चालवायला हवं. दमल्यावर काय होतं, ते पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही.

अशी पूर्ण सोय मोठ्या शहरांतही मोजक्याच ठिकाणी आहे. ती नसेल तिथे न्यूरोलॉजिस्टची लेखी परवानगी, पेरिमेट्री आणि अनुभवी ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकाबरोबर चार-पाच फेऱ्या, एवढं तरी कराच. प्रशिक्षकाला आजाराबद्दल आधी सांगा. लपवलंत, तर तो कशाकडे लक्ष ठेवणार?

बोलणं अजून नीट येत नाही. त्यामुळे गाडी बंद होते का?

नुसत्या वाचेच्या अडचणीमुळे नाही. पण बोलून दिलेली सूचना न समजल्याने रुग्ण चाचणीत नापास ठरू शकतो. तपासणाऱ्याला खुणा करून, स्वतः करून दाखवून सूचना द्यायला सांगा. पाट्या आणि सिग्नल समजतात का, हे वेगळं पाहायचं.

फिट येऊन गेली. आता किती थांबायचं?

फिट का आली, यावर बरंच अवलंबून आहे. ताप, रक्तातलं सोडियम कमी होणं किंवा दारू एकदम सोडणं, अशा कारणाने आलेली एकच फिट आणि वारंवार येणारा अपस्मार, यांत फरक आहे. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय आलेल्या पहिल्या फिटनंतर सहा महिने आणि अपस्मारात शेवटच्या फिटपासून १२ महिने खासगी गाडी बंद असते. अपस्मारात ट्रक-बससाठी औषधं बंद होऊन दहा वर्षं फिटशिवाय जावी लागतात. आपल्या कायद्यात असा कालावधीच नाही. अपस्मार आहे असं लिहिलं, की लायसन्स नाकारलं जाऊ शकतं, मग शेवटची फिट गेल्या आठवड्यात आलेली असो वा पंधरा वर्षांपूर्वी. हे अन्यायाचं आहे. त्यामुळेच लोक लपवतात, आणि आरटीओपासून लपवता लपवता डॉक्टरांपासूनही लपवू लागतात.

निदान न्यूरोलॉजिस्टला तरी सगळं खरं सांगा. क्षणभर तंद्री लागली, हातातला कप गळून पडला, हेसुद्धा. गोळी चुकली, रात्रीची झोप झाली नाही, तर त्या दिवशी गाडी नाही. औषध कमी करत असाल तर तो सगळा काळ, आणि शेवटच्या गोळीनंतर आणखी सहा महिने थांबावं, असा ब्रिटनमधला सल्ला आहे. मला तो योग्य वाटतो.

डोक्याला मार लागला होता, आताचा सीटी स्कॅन नॉर्मल आहे.

स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं. संयम, राग आवरणं, धोक्याचा अंदाज या गोष्टी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, आणि कपाळामागच्या भागाला मार लागला की याच बिघडतात. अशा तरुणाला आपण बदललो आहोत हे पटतच नाही. तो हट्टी झाला म्हणून नाही. स्वतःकडे पाहण्याची मेंदूची क्षमताच दुखावलेली असते. 'तू पूर्वीसारखाच आहेस ना?' हे त्याला विचारू नका, त्याच्या आईला किंवा बायकोला विचारा.

ऑपरेशनमध्ये कवटीचा तुकडा काढून ठेवलेला असेल, तर तो परत बसेपर्यंत दुचाकीचा विषयच काढू नये.

पार्किन्सन्स (कंपवात) असेल तर?

निदान झालं म्हणून लगेच गाडी सोडायची गरज नाही. दर सहा महिने ते वर्षाने तपासणी हवी. गोळीचा असर उतरलेल्या वेळेत चालवू नका. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल, तर एक गोष्ट आवर्जून सांगते: या औषधांवर काही जणांना पूर्वसूचना न देता एकदम झोप लागते. जेवताना, बोलता बोलता डोळा लागला असेल, तर गाडी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

आणखी कोणत्या गोळ्यांची काळजी घ्यायची?

स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबालिन, क्लोनाझेपाम, फिटची बरीच औषधं. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दीची गोळी, जिला कुणी औषधच समजत नाही. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला, की काही दिवस गाडी बाजूला ठेवा.

कार नको, निदान ॲक्टिव्हा तरी चालवू का?

हा प्रश्न पुण्यात तर दर दुसरा रुग्ण विचारतो, आणि 'निदान' हा शब्द त्यात असतोच. लकव्यानंतर दुचाकी कारपेक्षा अवघड आहे. तोल स्वतः सांभाळावा लागतो, सिग्नलला पाय टेकून गाडीचं वजन पेलावं लागतं, खड्डा चुकवायला शरीर पटकन वळवावं लागतं. रेस आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात असतात. उजव्या मुठीत ताठरपणा असेल, तर घाबरल्यावर मूठ आवळली जाते आणि रेस सोडायची ती उलट वाढते.

साइड व्हील लावल्याने तोलाचा प्रश्न बराच सुटतो, पण नजरेचा आणि लक्षाचा सुटत नाही. परवानगी द्यायचीच झाली, तर मी आधी ऑटोमॅटिक कारचा विचार करते.

गाडीत बदल करून घेता येतात का?

येतात, आणि यात पुष्कळ आशा आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने डावी बाजू कमजोर असेल तर ऑटोमॅटिक कारने अर्धं काम होतं: क्लच आणि गिअर, म्हणजे डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम, दोन्ही जातात. उजवा पाय कमजोर असेल, तर डाव्या पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर किंवा हाताने चालणारे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवता येतात. एका हाताने स्टिअरिंग फिरवायला नॉब लावतात.

असे बदल आरटीओकडून मंजूर करून आरसी बुकात नोंदवावे लागतात, आणि लायसन्सही त्या प्रकारच्या वाहनासाठी हवं. गॅरेजवाल्याकडून परस्पर काही बसवून घेऊ नका. डावा पाय ॲक्सिलरेटरवर वापरायला शिकणं म्हणजे नव्याने गाडी शिकणं आहे. त्याला वेळ द्या.

माझं पोटच गाडीवर आहे. रिक्षा, टेम्पो, एसटी चालवणाऱ्यांनी काय करायचं?

प्रवासी किंवा माल वाहणाऱ्यांसाठी निकष कडकच हवेत. तुमच्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात. पण नोकरी लगेच गेली, असं समजू नका. तुम्ही सरकारी आस्थापनेत असाल, आणि एसटी महामंडळ त्यात येतं, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २०(४) तुमच्या बाजूने आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, त्याची श्रेणी कमी करता येत नाही. ड्रायव्हिंग जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. हे माहीत नसल्याने घाईघाईत राजीनामा देणारे असतात. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, अर्ज लेखी द्या, पोचपावती घ्या.

स्वतःची रिक्षा असेल, तर असं संरक्षण नाही. तिथे रिक्षाच्या परमिटवर दुसरा चालक ठेवण्याचा पर्याय आरटीओकडे विचारून घ्यावा.

बाबा ऐकतच नाहीत. किल्ली लपवून ठेवावी का?

आधी नको. किल्ली लपवली की भांडण किल्लीवर येतं आणि आजाराबद्दल बोलणंच बंद होतं. त्यांना 'चालवू नका' म्हणण्याऐवजी 'एकदा तपासून घेऊ' म्हणा. तपासणीला बहुतेक जण तयार होतात, कारण आपण पास होणार याची त्यांना खात्री असते. आणि नकार डॉक्टरांच्या तोंडून, लेखी येऊ द्या. मुलाने किंवा सुनेने दिलेला नकार अपमान वाटतो.

मात्र काही खुणा दिसल्या, तर थांबू नका: रोजच्या रस्त्यावर चुकणं, गाडीच्या एकाच बाजूला नवे ओरखडे, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं, समोरून येणाऱ्यांनी सारखे हॉर्न मारणं. त्या दिवशी किल्ली काढून घ्या, राग आला तरी. सगळे उपाय संपले, तर कलम १६ चा आधार घेऊन आरटीओला लेखी कळवता येतं.

त्यांची फेरफटक्याची सोय मात्र बंद होऊ देऊ नका. राज्यात ६५ पूर्ण झालेल्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ नंतर प्रवास मोफत. महिन्यातून काही दिवस ड्रायव्हरही लावता येतो. त्यांना भजनाला, बँकेत, मित्राकडे कोण नेणार, हे त्यांच्यासमोरच ठरवा.

मुलाकडे परदेशी जाणार आहोत. तिथे चालवता येईल?

तिथले वैद्यकीय नियम तुम्हालाही लागू होतात, लायसन्स भारतीय असलं तरी. ब्रिटनमध्ये स्थायिक असाल, तर महिन्यानंतरही काही कमजोरी उरल्यास डीव्हीएलएला (तिथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवावं लागतं. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नजरेचं क्षेत्र आडवं किमान १२० अंश हवं, अशी तिथे अट आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत शुद्ध हरपण्याचे झटके येत असतील, तर डॉक्टरच सरकारला कळवतात.

परवानगी मिळाली. सुरुवात कशी करू?

पहिला महिना दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी कुणीतरी बसलेलं. एका वेळी वीस मिनिटं. रेडिओ बंद, फोन डॅशबोर्डवर नको, मागच्या सीटवर नातवंडं नकोत. पावसात आणि रात्री इतक्यात नाही. घाट आणि एक्सप्रेस-वे त्याहूनही नंतर. शेजारी बसणाऱ्याने सूचना द्यायच्या नाहीत, फक्त पाहायचं आणि घरी आल्यावर काय दिसलं ते लिहून ठेवायचं. ती वही पुढच्या भेटीला घेऊन या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, आणि मध्ये नवा झटका, फिट, पडणं किंवा औषधात बदल झाला तर त्याच आठवड्यात.